वर्कशॉप घ्या, पण शिकवणारा शेजारी बसलेला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात अकरा वर्षं सॉफ्टवेअरमधे काम करतोय आणि जमेल त्या शनिवारी इंजिनिअरिंगच्या मुलांना ओपन सोर्समधे पहिलं योगदान कसं द्यायचं ते शिकवायला जातो, म्हणून हे पत्र लिहावंसं वाटलं.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघू शकतो आणि दुरुस्ती सुचवू शकतो असं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, वर्डप्रेस. आपण केलेला बदल बहुतेक ठिकाणी पुल रिक्वेस्ट करून, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती करून पाठवायचा, मेंटेनर म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस तो तपासतो आणि पटला तर घेतो. आता कॉलेजांमधे याची वर्कशॉप होतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण बऱ्याच ठिकाणी चित्र असं असतं की हॉलमधे दोनशे मुलं, स्टेजवर एक पाहुणे, पडद्यावर गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलच्या कमांड आणि संध्याकाळी सर्टिफिकेट. मुलं घरी जातात आणि पडद्यावर जे बघितलं ते तसंच्या तसं करून बघतात.

त्याचं काय होतं ते आपण दोनदा बघितलंय. हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्समधे योगदान वाढवायचा दर ऑक्टोबरमधला उपक्रम २०१४ पासून चालू आहे, ठराविक पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट मिळायचा, आणि २०२० च्या ऑक्टोबरमधे लोकांनी रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलमधे एखादं विशेषण घुसडून इतक्या रिक्वेस्ट पाठवल्या की आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला, जे प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणतील तेच धरायचे असा. मग २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेब सर्व्हर लिहायला वापरतात त्या प्रोजेक्टवर स्वतःचं नाव रीडमीमधे टाकणाऱ्या रिक्वेस्टचा पाऊस पडला, कारण एका ट्युटोरियलमधे सराव म्हणून तसं करून दाखवलं होतं. तेव्हा भारतातल्या मुलांना लोक खूप बोलले आणि मला फार वाईट वाटलं, कारण पलीकडे एक माणूस आहे आणि तो बऱ्याचदा पगार न घेता, दिवसाचं काम संपवून आपलं वाचतो, हे त्यांना शेजारी बसून कुणी सांगितलंच नव्हतं.

जँगो गर्ल्स नावाचा उपक्रम २०१४ मधे बर्लिनला सुरू झाला. तो बायकांना वेब प्रोग्रॅमिंग शिकवायला आहे, ओपन सोर्सच्या योगदानासाठी नाही, पण त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी आपण जशाच्या तशा उचलाव्यात. एक म्हणजे साधारण तीन जणींमागे एक कोच, आणि दुसरी म्हणजे आदल्या संध्याकाळीच सगळ्यांच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलेशन उरकायचं. ही दुसरी गोष्ट किती मोठी आहे ते मला पहिल्या वर्कशॉपला कळलं. साठ लॅपटॉप, एकच वायफाय, सगळ्यांनी एकदम कोड डाउनलोड करायला घेतला आणि जेवायची वेळ झाली तरी निम्म्यांचं झालं नव्हतं, लॅबच्या मशीनवर तर काही इन्स्टॉल करायची परवानगीच नव्हती. आता मी सगळं पेनड्राइव्हवर घेऊन जातो.

कामंही आधी ठरवावी लागतात. 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांसाठी सोपं काम) असा टॅग बघून मुलं धावतात, पण ते काम कुणीतरी आधीच घेतलेलं असतं, म्हणून दोन आठवडे आधी मेंटेनरशी बोलून दहा-पंधरा कामं बाजूला काढून ठेवायची. त्यात मराठीची कामं जरूर असावीत. एका अॅपमधे 'सेव्ह'चं भाषांतर 'वाचवा' असं केलेलं एका मुलीने पकडलं, तिथे 'जतन करा' पाहिजे होतं. 'वाऱ्यावर' मधला अर्धा र नीट दिसतोय का हे मराठी माणसाच्या चटकन लक्षात येतं, मग ही तपासणी आपल्या मुलांनी नाही करायची तर कुणी करायची?

पण खरी अडचण कोडची नसतेच. मराठी माध्यमातून आलेला मुलगा दुरुस्ती बरोबर करतो आणि चार ओळी इंग्रजीत लिहायच्या म्हटलं की हात आखडतो, अर्धा तास नुसता स्क्रीनकडे बघत बसतो. मी म्हणतो, आधी मला मराठीत सांग काय बिघडलं होतं आणि तू काय केलंस, मग तेच छोट्या वाक्यांत लिही, मेंटेनरला भारी इंग्रजी नकोय. असं बोलायला मेंटॉर त्याच बाकावर लागतो, स्टेजवरून हे होत नाही.

आणि वर्कशॉप संध्याकाळी संपत नाही हो. उत्तर कधी दहा दिवसांनी येतं, त्यात दोन बदल सुचवलेले असतात, मुलांना वाटतं आपलं नाकारलं आणि ती सोडून देतात. म्हणून पुढचा महिनाभर मेंटॉरने आठवड्यातून एकदा तरी विचारायला पाहिजे की कुठे अडलंय.

कॉलेजांना माझी विनंती आहे की दोनशेच्या जागी तीस मुलं घ्या, आदल्या दिवशी लॅब उघडी ठेवा आणि पुल रिक्वेस्टची संख्या मोजून मार्क देऊ नका. कंपन्यांनी सहा महिन्यांतून एकदा आठ-दहा अनुभवी लोक दोन दिवसांसाठी पाठवावेत. पुण्यात अशी माणसं भरपूर आहेत, पण सांगली, लातूर, चंद्रपूरकडच्या कॉलेजात जायला गाडीभाडं आणि सुट्टी दोन्ही लागतं, तेवढं कंपनीने द्यावं.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे