शाळा गावात, गोळी नाशकात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की मुलांच्या अभ्यासावर लेख येऊ लागतात. एकाग्रता कशी वाढवावी, मोबाइल कसा काढून घ्यावा, पहाटे कसं उठवावं. मी वाचते, कात्रणंही ठेवते. पण ज्या घरात एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार आहे त्या घराची मोठी अडचण मेडिकलच्या काउंटरवर असते. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कारकून आहे. मुलगा सहावीत. त्याचं निदान तो तिसरीत असताना झालं. त्या वेळी डॉक्टर त्याच्याविषयी जे विचारत होते त्यातलं निम्मं मला लागू पडत होतं, म्हणून पुढे माझीही तपासणी झाली. हे घराण्यात चालत येतं, हे तेव्हा कळलं. मोठ्या माणसाचं निदान करताना वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून लक्षणं होती का, ते बघतात. आईने ट्रंकेच्या तळातून माझी प्रगतिपुस्तकं काढून दिली. चौथीच्या पुस्तकावर बाईंचा शेरा आहे : ‘अक्षर सुरेख. वह्या अपूर्ण.’ मी दंगा करणाऱ्यांतली नव्हते, बाकावर गप्प बसून असायचे, त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर आले नाही. मुलींचं पुष्कळदा असंच होतं.

मुलाचं तसं नाही, तो सगळ्या शाळेला माहीत आहे. त्याची गणिताची वही पाहिली की औषधाची गोळी संपलीय हे मला दप्तर उघडल्या उघडल्या समजतं. पहिले तीन भागाकार रेघेत, पायऱ्यांसकट. चौथ्याचं उदाहरण फळ्यावरून अर्धंच उतरवलेलं, आणि त्याच्यापुढे पान संपेपर्यंत ट्रॅक्टर. ट्रॉलीसकट, नंबरप्लेटसकट. भागाकार येत नाही असं नाही, उत्तर तोंडी सांगतो. खाली मांडून काढायचं म्हटलं की मधली एक ओळ गळते आणि मार्क जातात.

घरी आम्ही आमच्या पद्धती बसवल्या आहेत. सासूबाई ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्यांपैकीच, पण जिन्याची युक्ती त्यांचीच. एका पायरीला पाढ्याचा एक आकडा, वर जाताना सरळ, खाली येताना उलटा. बसवून जो एकोणीसचा पाढा महिनाभर डोक्यात शिरला नाही, तो जिन्यावर झाला. माझं ऑफिसातलं तंत्र वेगळं. सकाळी काउंटरला गर्दी असते तेव्हा मला काही अडत नाही, मार्चअखेर तर मी सगळ्यांत चलाख. दुपारी सामसूम झाली आणि पिग्मीच्या पावत्या खतावायला घेतल्या की मी कुठल्या खात्यावर होते तेच सुटतं. म्हणून पावत्यांचे छोटे गठ्ठे करते, एक संपला की उठून पाणी पिऊन येते. शाखाधिकाऱ्यांना आधी वाटलं मला काही आजार आहे. म्हणजे, आहेच, पण त्यांना वाटला तो नव्हे.

या सगळ्याला गोळीचा आधार लागतो. सगळ्यांनाच लागतो असं नाही, लहान मुलांना आधी वागणुकीचं प्रशिक्षणच देतात. आम्हा दोघांना मात्र मिथाइलफेनिडेट लागू पडलं. शेजारणी विचारतात, गोळीने पोर गुंगत नाही का? उलट, हे उत्तेजक औषध आहे. साध्या गोळीचा असर जेमतेम चार तास, लांब चालणारी गोळी शाळेची वेळ काढते. भूक मरते, डबा अर्धा परत येतो, म्हणून संध्याकाळी त्याला पोटभर खाऊ घालायचं आणि दर भेटीत वजन, उंची, नाडी, रक्तदाब दाखवायचा.

आता ही गोळी आणायची कुठून? आमच्या गावात मेडिकलच्या दुकानांना तोटा नाही. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली की मात्र ‘ताई, हे आम्ही ठेवत नाही.’ खोक्याच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत एक्सआरएक्स छापलेलं असतं, म्हणजे शेड्यूल एक्स, कडक नियमांखाली विकायच्या औषधांची सरकारी यादी. भूल द्यायचं केटामाइनही त्याच यादीत. त्यासाठी दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत घेऊन एक प्रत दोन वर्षं जपावी लागते, खरेदी-विक्रीची नोंदवही वेगळी. हे औषध अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालीही येतं. गावात ते घेणारी चार-पाच घरं, त्यांच्यासाठी एवढा व्याप कोण करील? दुकानदाराला मी दोष देत नाही. कडक नियमांवरही माझा राग नाही. परीक्षेच्या रात्री जागायला म्हणून हीच गोळी मागणारी पोरं असतात, त्यांच्यासाठी कुलूप हवंच.

पण कुलपाची किल्ली ७० किलोमीटरवर असते त्याचं काय? आम्ही सिन्नरमार्गे नाशिकला जातो. डॉक्टर तिथेच, औषध ठेवणारं दुकानही तिथेच. त्यांच्याकडे माल आला नसला की ‘पुढच्या आठवड्यात या.’ फोनवर चिठ्ठी मिळेल म्हणावं तर २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत शेड्यूल एक्सची औषधं दूरवरून लिहून द्यायला मनाईच आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलायला माणूस मिळतो, गोळी मिळत नाही. माझी एक रजा, त्याची शाळा बुडते, एसटीचं भाडं वेगळं. माझं नोकरीमुळे निभतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने काय करायचं?

सरकारला हा विकार माहीत नाही असंही नाही. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे. वर्षातून एकदा पथक शाळेत येतं, दात, डोळे, रक्त पाहतं. त्या दोन-चार मिनिटांत अनोळखी डॉक्टरांपुढे माझा मुलगासुद्धा पुतळ्यासारखा उभा राहतो! वर्गशिक्षिकेला दोन प्रश्न विचारले असते तर बाईंनी पाढाच वाचला असता. दुसरीकडे, दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ साली २१ प्रकार आले, त्यांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे पण एडीएचडीला वेगळी जागा नाही. जोडीला अध्ययन अक्षमतेचा दाखला असेल तर परीक्षेत जादा वेळ, नुसतं एडीएचडी असेल तर काही नाही. दहावी अजून लांब आहे, तो विषय मी तूर्त बाजूला ठेवते.

आज मागणं दोनच गोष्टींचं आहे. एक, जिल्हा रुग्णालयात आणि निदान उपजिल्हा रुग्णालयांत मिथाइलफेनिडेट ठेवावं आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ठरल्या दिवशी तिथे येऊन चिठ्ठी द्यावी. कुलूप, नोंदवही, फार्मासिस्ट सगळं सरकारी दवाखान्यात आधीपासून आहे. दोन, अन्न व औषध प्रशासनाने शेड्यूल एक्सचा परवाना असलेल्या दुकानांची तालुकावार यादी फोन नंबरांसह जाहीर करावी. परवाने त्यांनीच दिलेत, म्हणजे यादी त्यांच्याकडे असणारच. तीत आमच्या तालुक्याचं एकही दुकान नसलं तरी चालेल, रजेचा अर्ज टाकण्याआधी फोन कुणाला करायचा एवढं तरी कळेल.

आपली,
एक पतसंस्था कर्मचारी
जि. अहिल्यानगर