कस्टरला निघण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न.

सप्टेंबरात साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कला जायचं नक्की झालंय. गाडी मी चालवेन, नियम मात्र तिघांनाही सारखे. उद्यान राज्य सरकारचं आहे, त्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथे चालत नाही, वेगळा परवाना काढावा लागतो.

पसारा 71,000 एकरांचा, पण प्राणी पाहायचे ते मुख्यतः 18 मैलांच्या वाइल्डलाइफ लूप रोडवर. नकाशात अर्ध्या-पाऊण तासाचा दिसतो, दोन तास धरा. उजाडताच निघू. ऊन चढलं की हरणं सावलीला जातात आणि गाड्यांची रांग लागते. पहाटे गारठा असतो, स्वेटर हाताशी ठेवा.

बायसन म्हणजे आपल्या गव्याचा केसाळ भाऊबंद. हजाराहून जास्त आहेत, आणि रस्ता आपलाच समजतात. कळप आडवा आला की थांबायचं, हॉर्न नाही. शेपूट लोंबतंय, माशा हाकलतंय, तोवर तो निवांत. ते प्रश्नचिन्हासारखं वर वळलं की त्याचं डोकं फिरलंय. दिसायला सुस्त, पण धावतो ताशी 35 मैलांनी. बाबा, फोटो काचेतूनच काढा. उघड्यावर असलो तर किमान 100 यार्ड अंतर हवं. हात लांब करून अंगठा धरायचा, अख्खं जनावर त्याआड झाकलं तर ठीक.

गाढवंही भेटतील. पूर्वी पर्यटकांना डोंगरावर नेणाऱ्या गाढवांची ही पिलावळ, सरळ खिडकीतून तोंड आत घालते. आई, तुला दया येईलच, पण काही भरवू नकोस.

नीडल्स हायवेवरचा एक बोगदा जेमतेम 8 फूट रुंद आहे. म्हणून भाड्याची गाडी मोठी नको, आरसे धरून रुंदी बघून घेईन. पुढे सिल्व्हन लेक. तळ्याभोवतीची वाट मैलभराचीच, पण बंधाऱ्यामागे खडकांतून पायऱ्या आहेत. बाबांच्या गुडघ्यांसाठी सपाट काठानेच जाऊन परत येऊ. उंची 6,000 फुटांवर, दम लवकर लागतो. दुपारी ढग गडगडले तर लगेच गाडीत.

मोबाइलला रेंज तुटक असते, नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवते. पाणी आणि बाबांच्या गोळ्या आईच्या हातपिशवीत असू देत. कळपात अडकलो तर डिकी उघडायला खाली उतरता येणार नाही.

तुमची,
धाकटी