आई-बाबा, त्या मुलाचं नाव घेऊ नका

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे नीट बोलता येत नाही. तुम्ही दोघं एकदम बोलता, तेवढ्यात कुणीतरी नवी बातमी घेऊन दारात येतं आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा.

आपल्या वस्तीतल्या दुकानात चोरी झाली, रोकड गेली, मालकांनी पोलिसांत तक्रार दिली आणि कुलूप तोडलेलं नव्हतं. आपल्याला खात्रीनं माहीत आहे ते एवढंच. यापुढचं सगळं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलेलं आहे. दुकान उघडणारा-बंद करणारा मुलगाच यात आहे. त्याच्याकडे नवा मोबाइल आलाय. कॅमेरा मुद्दाम बंद ठेवला होता. मालकांनीच विम्यासाठी घडवून आणलं. आई, पहिल्या फोनला तू 'लोक असं म्हणताहेत' म्हणालीस. परवाच्या फोनला तू सरळ 'त्यानंच केलं' म्हणालीस. मधल्या काळात नवा पुरावा एकही आलेला नाही. तीच गोष्ट तुझ्या कानावर फक्त जास्त वेळा पडली.

सगळ्यांचा भर 'पोलिसांनी त्याला बोलावलं आणि बोटांचे ठसे घेतले' यावर आहे, म्हणून आधी तेच. गल्ला, कपाट, दाराची मूठ यांवर सापडणारे ठसे बहुतेक तिथे रोज वावरणाऱ्यांचेच असतात. ते ओळखून बाजूला काढल्याशिवाय परक्याचा ठसा हाती लागत नाही. म्हणून मालकांपासून झाडलोट करणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे ठसे घ्यावे लागतात, आणि ते घेतात ते वगळण्यासाठी. मालकांचेही घेतले असणार. त्याबद्दल मात्र कुणी कुजबुजत नाही. चौकशीचंही तसंच. शेवटचं कुलूप ज्यानं लावलं त्याला कोणती वस्तू कुठे होती, काय हललंय, काय नाहीसं झालंय हे सगळ्यांत जास्त माहीत असतं. त्याला पुन्हा पुन्हा बोलावणारच. जबाबाला बोलावलेला माणूस साक्षीदारही असू शकतो.

मग येतो कुलपाचा मुद्दा. तोडलं नाही म्हणजे किल्ली होती, किल्ली होती म्हणजे आतला माणूस, आतला माणूस म्हणजे तोच. हे तीनही टप्पे कच्चे आहेत. किल्लीची नक्कल वर्षानुवर्षं कुणाच्या तरी खिशात राहू शकते, काम सोडून गेलेल्याच्या किंवा पूर्वीच्या भाडेकरूच्या. मोडतोड न करता उघडता येणारी कुलपं असतात. कधी दार नीट लागलेलंच नसतं, कधी माणूस दिवसाउजेडी आत शिरून दडून बसतो. रोकड कधी मोजतात हे तर रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही दिसतं. पोलिस आतल्या माणसाचा विचार करतात आणि त्यांनी तो करायलाच हवा. पण त्यांना तो तपासून पाहावा लागतो, आणि चूक निघाला तर सोडून द्यावा लागतो. कट्ट्यावर बसलेल्यांवर असं कोणतंच बंधन नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात, 'तो हल्ली नजर चुकवतो. चोराच्या मनात चांदणं.' मला हे ऐकवत नाही. ज्याच्याकडे रस्त्यातला प्रत्येक माणूस वळून बघतो, जो जवळ आला की बोलणारे गप्प होतात, तो नजर वर कशी ठेवील? त्यानं वर बघितलं असतं तर तुमच्यातलंच कुणीतरी 'निर्ढावलेला आहे' म्हणालं असतं. भीती अपराध्याला वाटते आणि निरपराधालाही वाटते. निरपराधाला कदाचित जास्तच, कारण आपल्यावर नेमका काय आळ आहे हे त्याला समोरून कुणी सांगतच नाही.

अफवा कुणाच्या अंगावर जाऊन बसते याचा अभ्यास झालेला आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये तो प्रसिद्ध केला. एकाला चित्र दाखवायचं, त्यानं ते दुसऱ्याला तोंडी सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पाच-सहा तोंडं होईपर्यंत मूळ तपशिलातला जवळजवळ सत्तर टक्के भाग गळून जायचा आणि उरलेला अधिकाधिक भडक व्हायचा. एका चित्रात आगगाडीच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस उभे होते, आणि वस्तरा गोऱ्याच्या हातात होता. सांगता सांगता अनेकदा तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. सांगणारे मुद्दाम खोटं बोलत नव्हते. वस्तरा कुणाच्या हातात 'शोभतो' हे त्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं. मला हा प्रयोग विसरता येत नाही. दुकानाच्या किल्ल्या तीन-चार जणांकडे असतात असं तुम्हीच सांगितलंत. मग बोलणं त्या एकाचंच का होतं? तो बाहेरून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा, त्याच्या बाजूनं बोलायला इथे कुणी नसलेला. मालकांच्या भाच्याकडेही किल्ली आहे, त्याचं नाव कुणाच्या तोंडून आलं नाही. येऊ नयेच. पण या मुलाचंही येऊ नये.

आता तुम्हाला एक मोठी घरफोडी सांगते, कारण तिथेही असंच झालं. लंडनमध्ये हॅटन गार्डन नावाचा जवाहिऱ्यांचा भाग आहे. 2015 च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीत तिथली तळघरातली तिजोरी फोडली. अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीला यंत्रानं भोक पाडून चोर आत शिरले. मंगळवारी दुकानं उघडली तेव्हा कळलं, आणि तर्कांना ऊत आला. पूर्व युरोपातल्या कुप्रसिद्ध टोळीचं काम आहे. एवढ्याशा भोकातून जाणारा म्हणजे सडपातळ, कसलेला तरुण असणार. आतल्या माणसाशिवाय शक्य नाही. चोरीच्या आदल्याच दिवशी जवळच्या किंग्जवे रस्त्याखाली मोठी आग लागली होती, तर ती चोरांनीच लक्ष वळवायला लावली, असं जाणकार म्हणवणारेही बोलू लागले. जुळत होतं सगळं. पण आग विजेच्या बिघाडातून लागली होती आणि गॅसची नळी फुटल्यानं धुमसत राहिली होती, असा अग्निशमन दलाचा निष्कर्ष निघाला. आणि चोर? त्यांतला सर्वांत वयस्कर 76 वर्षांचा होता, दुसरा 74 चा, बाकीचे बहुतेक साठीच्या आसपासचे. बाबा, तुमच्या वयाचे. तोवर सगळे ज्या चपळ तरुणांना शोधत होते ते अस्तित्वातच नव्हते.

सापडले कसे, तर एकानं परिसराची पाहणी करताना स्वतःचीच मोटार वापरली होती आणि ती कॅमेऱ्यांत दिसली. पोलिसांनी गाजावाजा केला नाही. संशयितांच्या गाड्यांत बोलणं ऐकण्याची छुपी यंत्रं बसवून आठवडेच्या आठवडे ऐकत राहिले आणि 19 मे रोजी एकदम धरपकड केली. तोवर 'पोलिस झोपलेत' असं बोलणारे तिथेही होतेच.

म्हणून 'पोलिस काही बोलत नाहीत, म्हणजे दडपताहेत' हेही मनातून काढून टाका. कोणत्या खणातून काय गेलं, कशानं उघडलं, मागे काय राहिलं, हे तपास करणारे मुद्दाम बाहेर येऊ देत नाहीत. जे फक्त करणाऱ्यालाच माहीत असू शकतं ते कुणाच्या तोंडून आलं तर त्याला किंमत असते. तेच सगळ्या वस्तीच्या तोंडी झालं की ती कसोटी वाया जाते. खऱ्या चोरालाही आयतं कळतं की संशय दुसरीकडे आहे, आपण निवांत राहावं.

विम्याचं म्हणाल तर मालकांवर तो आरोपही हवेतलाच आहे. दावा आला की विमा कंपनी आपला माणूस पाठवते, हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रं तपासते. ते काम त्यांना करू दे.

आई, तू विचारशील, 'आणि उद्या त्यानंच केलेलं निघालं तर?' तर पुरावा पुढे येईल, न्यायालय ठरवेल, आणि आपण आज गप्प राहिलो म्हणून कुणाचं काही बिघडणार नाही. पण निघालं नाही तर? बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयात 18 मार्च 1990 च्या पहाटे पोलिसांच्या वेशात दोघे आले आणि तेरा कलाकृती घेऊन गेले. दार उघडणारा रात्रपाळीचा पहारेकरी विशीतला होता. चोरांनी त्याला आणि त्याच्या सोबत्याला बांधून तळघरात टाकलं होतं. चोर आजपर्यंत सिद्ध झाले नाहीत, चित्रं मिळाली नाहीत. त्या पहारेकऱ्यावर कधी आरोप ठेवला गेला नाही, पण 2024 मध्ये तो वारला तोपर्यंत संशय त्याला चिकटून होता. सगळं तारुण्य आणि उतारवयही. आपल्याकडच्या या मुलाला कामावरून काढलं, खोली खाली करायला सांगितली, तर नंतर खरा चोर सापडल्यावर त्याच्या दारी जाऊन 'आमचं चुकलं' म्हणायला यांतला एकही जण जाणार नाही. तोवर सगळे दुसऱ्या विषयावर गेलेले असतील.

तुम्हा दोघांच्या शब्दाला तिथे मान आहे. इतकी वर्षं कुणाचं वाईट न बोलता राहिलात म्हणूनच आहे. दुसऱ्या कुणी म्हटलं तर ती गप्पा असते, आणि बाबा म्हणाले तर लोक म्हणतात, 'ते कशाला खोटं बोलतील?' तुमच्या चांगुलपणाच्या जोरावर ही अफवा पुढे सरकू नये असं मला फार मनापासून वाटतं. कुणी विषय काढला तर 'तुम्ही स्वतः पाहिलंत का?' एवढंच विचारा. वाद घालू नका, तब्येतीला ते झेपणार नाही.

आता बाबा, खास तुमच्यासाठी. त्या रात्री पाणी प्यायला उठलात तेव्हा तुम्हाला खिडकीतून एक गाडी दिसली होती. पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा ती नुसती 'उभी असलेली गाडी' होती. पुढच्या वेळी ती पांढरी झाली. परवा तिच्याजवळ दोन माणसं होती आणि ती घाईत होती. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे. पण आठवण अशीच असते, नंतर ऐकलेलं तिच्यात मिसळत जातं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'एकमेकींना धडकल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, 'चक्काचूर होऊन आदळल्या' तेव्हा किती होता. आठवड्यानंतर फुटलेली काच दिसली का, असं विचारलं. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. तरी पहिल्या 50 पैकी 7 जणांना ती दिसल्याचं आठवलं, आणि जोरदार शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांना.

तुमची ती गाडी महत्त्वाची असू शकते. हॅटन गार्डनचे चोर एका गाडीनंच पकडून दिले. पण तुम्ही ती सगळ्यांना सांगितलीत आणि पोलिसांना अजून सांगितली नाहीत. आजच एकटे बसा. आई, तू त्या वेळी खोलीत थांबू नकोस. खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी जे दिसलं तेवढंच लिहा. रंग खात्रीचा नसेल तर 'खात्री नाही' असं लिहा. वेळ घड्याळात पाहिली होती की अंदाजानं सांगताय, तेही लिहा. दुसऱ्या कुणाकडून कळलेलं एक अक्षरही नको. कागद ग्रुपवर टाकू नका, त्याचा फोटोही कुणाला पाठवू नका. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि कुणाला, कधी दिला ते टिपून ठेवा. ठाण्यात एकट्यानं जायला जड वाटत असेल तर मी रजा काढून येते, आपण दोघं जाऊ.

आणि आई, त्या मुलाची आई गावी एकटी असते असं तूच म्हणाली होतीस. तिचा नंबर तुझ्याकडे आहे. तिला फोन कर. चोरीचं काही विचारू नकोस. तिला तिथून काय काय ऐकू येत असेल कोण जाणे. तुझा मुलगा आमच्याशी नेहमी नीट वागला आहे, एवढं तिला सांग. ते तर खरंच आहे.

रजेचं मला उद्यापर्यंत कळवा, म्हणजे इथे अर्ज देता येईल.

तुमची लेक