पाकिटं विकू नका, बाबा

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा सहज बोलल्यासारखं बोलून गेले, "ते बाड्यावरचे, तिकिटं-पाकिटं जमवणारे गृहस्थ पुन्हा आले होते. पत्रं नकोत म्हणतात, नुसती पाकिटं द्या. पत्रं तर तू पुण्याला नेलीच आहेस, रिकाम्या पाकिटांचं काय लोणचं घालायचंय?" तेव्हा मी विषय बदलला. या बाबतीत बोलायला लागलो की बाबांचं बीपी वाढतं आणि माझा आवाज. म्हणून सगळं लिहूनच काढते आहे. आईने मोठ्यानं वाचून दाखवलं तरी चालेल.

मुद्द्याचं आधी: पाकिटं देऊ नका. एकही नाही. ते गृहस्थ कितीही आकडा सांगोत.

आप्पाआजोबांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्यातून घरी धाडलेल्या पत्रांत गावाचं नाव कुठेही नाही. वर तारीख, कोपऱ्यात पत्राचा नंबर, आणि मग थेट "अनेक आशीर्वाद". आपली तुकडी कुठे आहे हे लिहायला तेव्हा बंदीच होती आणि प्रत्येक पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जायचं. पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का आहे, पण त्यातही गावाऐवजी नुसता आकडा. कुठला आकडा कुठल्या महिन्यात कुठल्या मुक्कामी होता, याच्या याद्या पुढे टपालाच्या अभ्यासकांनी चिकाटीने तयार केल्या. त्यामुळे आज पाकीट हातात असेल तर आप्पा त्या दिवशी साधारण कुठे होते ते लावता येतं. पाकीट गेलं तर पत्र लोंबकळत राहतं. फोटो काढलेत ना, असं तुम्ही म्हणाल. काढलेत, पण बऱ्याच शिक्क्यांची शाई इतकी उडाली आहे की कागद उजेडात तिरका धरल्याशिवाय आकडा दिसतच नाही. शिवाय कुठलं पत्र कुठल्या पाकिटातलं, हे घड्या जुळवून ठरवायचं अजून बाकी आहे.

आता थोडं कडू औषध. बाबा, आप्पा मराठा पलटणीत नव्हते. गणेशोत्सवात तुम्ही नाईक यशवंत घाडग्यांची गोष्ट सांगता, 10 जुलै 1944, टायबर नदीचं वरचं खोरं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आणि सेनियो नदीकाठचे नामदेव जाधव, 9 एप्रिल 1945. दोन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या आहेत, त्या सांगत राहा. पण त्यानंतर "आमचे आप्पाही तिथलेच" म्हणता ते जरा सांभाळून. आप्पा सर्व्हिस कोरमध्ये, खेचरांच्या कंपनीत हवालदार क्लार्क होते. तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. पण ऐका, इटलीत लढाई झाली ती डोंगरात आणि चिखलात. जीप जिथे रुतायची तिथून पुढे दारूगोळा, पाणी, आटा, डाळ वर न्यायचं आणि जखमींना खाली आणायचं काम खेचरांचं. घाडगे-जाधवांसारख्यांच्या पोटात रात्री जे पडलं त्याचा हिशेब आप्पांसारख्या कुणाच्या तरी वहीत होता. मला तर हे पलटणीपेक्षा कमी वाटत नाही.

पदकांच्या डबीत लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची फीत आहे ना, तो इटली स्टार. दुसरा आफ्रिका स्टार. म्हणजे आधी इजिप्तच्या बाजूला आणि मग इटलीत. पाकिटांचे आकडेही तेच सांगतात. 1943 च्या शेवटाला ते सांग्रो नदीच्या आसपास आहेत. त्या नोव्हेंबरात पाऊस असा लागला की नदीवर टाकलेले पूल वाहून गेले. आप्पा लिहितात, "येथे पाऊस आपल्या श्रावणासारखा नाही, थंड आहे व थांबत नाही. जनावरांचे फार हाल." बस, एवढंच. चौथी, आठवी आणि दहावी अशा हिंदी सैन्याच्या तीन डिव्हिजन त्या देशात लढल्या, पन्नासेक हजार माणसं, पाच हजारांवर परत आली नाहीत. आणि आपले आप्पा जनावरांच्या हालांबद्दल लिहितात. 1945 च्या वसंतातल्या एका पत्रात मात्र ते खुशीत आहेत. कुणा शेतकरणीला त्यांनी कणीक दिली आणि तिने तव्यावर "आपल्या पोळीसारखेच" काहीतरी भाजून त्यांनाच वाढलं. ती पियादिना असणार, इटलीच्या रोमान्या भागातली रोटी. पाकिटावरचा आकडाही रोमान्या भागाचाच निघाला तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसले.

आता माईबद्दलच्या, म्हणजे आजीबद्दलच्या, तुमच्या जुन्या तक्रारीकडे येते, कारण पाकिटांपेक्षा मला तीच जास्त लागते. "माईला आप्पांनी कधी चार शब्द गोड लिहिले नाहीत, नुसते बाजारभाव." लहानपणापासून ऐकत आले. तुम्ही दोन-तीन पत्रं वाचून ट्रंक बंद केलीत, हे आत्याकडून कळलं. ठीक आहे, मुलाला आई-वडिलांची पत्रं वाचायचा संकोच वाटणारच. पण मी सगळी वाचली, नंबरवार लावून. सुरुवातीची मोडीतली आहेत, ती भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गाला बसल्यावर लागायला लागली. पुढे ते बाळबोधीत लिहायला लागले, "मोडी पत्रे फार अडकतात" म्हणून.

आधी हे बघा की ती पत्रं कोण कोण वाचायचं. तिकडे सेन्सॉर. इकडे पाकीट फुटायचं ते पणजोबांच्या हातून, ओटीवर, सगळ्यांदेखत. आजी चौथी शिकलेली, तिला वाचता येत होतं, पण आधी वाचायचा मान तिचा नव्हता. स्वतःचा बाप मोठ्यानं वाचणार आहे हे माहीत असलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा माणूस बायकोला काय लिहील? तो गव्हाचा भावच विचारील.

आणि विचारलाय तरी कसा! 1943 चं साल. बंगालात दुष्काळ, सगळीकडे महागाई, परदेशातल्या आपल्या सैनिकांना लढाईपेक्षा घरच्या दाण्यापाण्याची धास्ती. आप्पांच्या पगारातून अलॉटमेंटचे पैसे घरी येत. प्रत्येक पत्रात, पैसे पोचले का, गहू काय भाव, तूर काय भाव, रॉकेल मिळतं का. एका पत्रात हे आहे, जसंच्या तसं उतरवते (दादा म्हणजे पणजोबा):

"तू कळविलेला गव्हाचा भाव व दादांनी कळविलेला भाव यांत फरक पडतो. दोन्ही पत्रे एकाच आठवड्यातील आहेत. मला बरे वाटावे म्हणून भाव उतरवून लिहू नये. तू रात्री जेवतेस की नाही ते पुढील पत्री स्पष्ट लिहिणे."

बाबा, हे मी तीन-चारदा वाचलं. आजीने नवऱ्याला काळजी नको म्हणून गहू स्वस्त करून टाकला होता, आणि त्याने तिकडे खेचरांच्या दाण्याचा हिशेब करता करता दोन पत्रं शेजारी ठेवून ते पकडलं. आता हे पणजोबांनी ओटीवर मोठ्यानं वाचलं असेल तेव्हा आजी कुठे उभी असेल, याचा विचार करा. पुढच्या पत्रात आप्पा लिहितात, "खरा भाव कळला, समाधान झाले." भाव तर वाढलेला होता.

तुम्हाला ते छापील इंग्रजी कार्ड आठवतं? तुम्ही त्याला "सरकारी पावती" म्हणायचात. तसं कार्ड सैनिकांना द्यायचे. त्यावर वाक्यं छापलेलीच, नको ती खोडायची आणि खाली फक्त सही-तारीख. एक अक्षर जास्त लिहिलं तर कार्ड फाडून टाकलं जाईल, असं वरच छापलेलं. आप्पांनी डिसेंबर 1943 मध्ये पाठवलेल्या कार्डावर "मी अगदी बरा आहे" ही ओळ खोडलेली आहे. "इस्पितळात दाखल केलं आहे" ही ठेवली आहे. त्यापुढे "आजारी" आणि "जखमी" असे दोन शब्द. "जखमी" वर दोनदा रेघ मारली आहे, इतकी जोरात की कागद दबलाय. "तुझं पत्र बरेच दिवसांत नाही" हीही ओळ ठेवलेली. घरात इंग्रजी कुणाला येत होतं तेव्हा? कुणी वाचून दाखवलं? आत्याला विचारा, तिने आजीकडून ऐकलं असेल. त्यानंतरच्या पत्रात इस्पितळाचं नाव नाही. पापड पोचले, चुरा झाला तरी खाल्ले, एवढंच.

आणखी एक पत्र आहे, खिडकी पाडल्यासारखा चौकोन कापलेलं. बहुधा गावाचं नाव चुकून गेलं असेल, ते सेन्सॉरने ब्लेडने काढलं. पण कागद पाठपोट लिहिलेला. त्यामुळे मागच्या बाजूचीही अडीच ओळ गेली, आणि ती मात्र गावाची नव्हती. कापलेल्या जागेच्या आधी "मेळ्याला जाशील तेव्हा माझी" आणि नंतर "दादांना सांगू नये". मधलं काय ते आता कुणालाच कळणार नाही. मेळ्याचं त्यांना फार होतं, दर हिवाळ्यात विचारतात, यंदा जनावरं किती आली, खेचरं होती का, काय किंमत. 1905 पासूनचा आपला ग्वाल्हेरचा मेळा, मुळात जनावरांचाच. रात्रंदिवस जनावरांत राहणाऱ्या माणसाला त्याची आठवण येणारच. पण "माझी" काय? मला वाटतं शाल. आई, तुला काय वाटतं?

आत्याबद्दल एक गोष्ट आहे, ती मात्र फोनवर तिला सांगू नका, मी आल्यावर सांगणार आहे. तिच्या जन्माची बातमी आप्पांना फार उशिरा पोचली. त्यांनी लगेच नाव सुचवलं, ते पत्र पोचेपर्यंत बारसं होऊन गेलेलं. पण पुढची सगळी पत्रं बघा, "चि. ... हिला गोड पापा", आणि तिथे त्यांचंच नाव, शेवटपर्यंत. घरात कुणीही त्या नावाने तिला हाक मारली नाही. परत आल्यावर आप्पांनीही नाही. आत्या आता ऐंशीच्या पुढची आहे. आपलं आणखी एक नाव होतं हे तिला आधी कळू दे, मग इतरांना. म्हणून इथेही लिहीत नाही.

आता ते रिकामं पाकीट. त्या गृहस्थांचा डोळा खरा त्याच्यावर आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आजीचं आप्पांना गेलेलं पाकीट, त्यांच्या सामानातून परत आलेलं; इंग्लंडच्या राजाच्या डोक्याचं तिकीट आणि त्यावर ग्वाल्हेर संस्थानाचं नाव छापलेलं, शिवाय दोन-तीन फील्ड पोस्टांचे शिक्के. तिकिटं जमवणाऱ्यांना अशा पाकिटांचं वेड असतं, चांगले पैसेही देतात, गृहस्थ काही वाईट नाहीत. पण आजीने लिहिलेलं एकही पत्र आपल्याकडे नाही. ती आपल्याला दिसते ती आप्पांच्या उत्तरांतून, "तू लिहितेस की" च्या पुढे. तिच्या हातचं एवढंच आहे, पाकिटावर मराठीत लिहिलेलं आप्पांचं नाव. खालचा इंग्रजी पत्ता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. ते विकून येणाऱ्या पैशात आपण काय घेणार आहोत? मिक्सर?

बाबा लॅमिनेशनचंही म्हणत होते. मुळीच करायचं नाही. एकदा प्लास्टिक वितळून कागदाला चिकटलं की ते सुटत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागद खातो. आणि आई, ओल्या फडक्याने काही पुसू नकोस. बरीचशी अक्षरं त्या जुन्या कॉपिंग पेन्सिलीची आहेत. ओल लागली की जांभळी शाई होऊन पसरते. धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात बांधून ठेवा, जुनी दफ्तरं रुमालात बांधायचे तशी, आणि गोदरेजच्या कपाटात मधल्या कप्प्यात. माळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. डांबराच्या गोळ्या लांब ठेवा.

ते फोटोसारखं चिमुकलं पत्रही त्यातच ठेवा. बाबांना ती कुणीतरी काढलेली नक्कल वाटत होती, पण ते अस्सलच आहे. तेव्हा पत्राचा फोटो काढून फिल्म विमानाने धाडायचे आणि इकडे छापून वाटायचे, पोत्यांचं वजन वाचायचं. भिंग घेतलं तर नीट वाचता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत झेलमने येते आहे. येताना सगळी पत्रं घेऊन येईन, दोन प्रती काढून, एक आत्यासाठी मोठ्या अक्षरांत. पाकिटं आणि पत्रं तिथेच टेबलावर मांडून जुळवू. ते गृहस्थ पुन्हा आले तर चहा द्या आणि सांगा, मुलगी आल्यावर बोलेल. हवं तर त्यांना बसवून आकडे वाचायला मदत घेऊ, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं येत असणार.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येताना आणते.

तुमची,
बेबी