सूचना: २ ऑक्टोबरची ग्रामसभा आणि आपली शाळा

सर्व वाडीकरांस नमस्कार. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. शाळेची कौले यंदाही गळली, पोरं दप्तरं उचलून कोरडी जागा शोधत बसली. वहाळावरचा साकवही (छोटा पूल) हलतोय. दोन्ही विषय लेखी द्यायचे आहेत. तोंडी बोललेलं इतिवृत्तात उतरेलच असं नाही. अर्जावर सह्या आजच करा. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला, १०० किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. भातकापणी तोंडावर आहे, ठाऊक आहे. तरी घरटी एक जण याच. आयांनी तर नक्की यावं: शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. मुंबईकर चाकरमान्यांनी घरी फोन करून आठवण करून द्यावी.