काकूंचे दात

सुध्या,

दिवाळीपासून एक ओळ नाही, शिव्या घालून घे. माझी शुगर जिथल्या तिथे, गुडघा कुरकुरतो, बाकी बरा.

आईचं सांगायचंय. फोनच करणार होतो, पण ती पलीकडच्याच खोलीत असते आणि ८१ व्या वर्षीही कान मांजराचे.

उन्हाळ्यापासून ती वाळत चालली होती. नऊ किलो उतरली. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, दुर्बिणीतून पोट पाहिलं. सगळं साफ. 'वयच झालं आता' असं मीही म्हणायला लागलो, वर दोनदा ओरडलो तिच्यावर, जेवणाचे नखरे करते म्हणून. मग एक दिवस ध्यानात आलं, गल्लीतलं लंगडं कुत्रं भलतंच गुबगुबीत झालंय. बाईसाहेब रोज अर्धी भाकरी पदराआड नेऊन त्याला घालत होत्या! आमच्यासमोर नुसती आमटी भुरकायची आणि 'पोट भरलं' म्हणायचं. गुऱ्हाळावर आपल्याला दातांनी ऊस सोलून देणारी हीच ना रे? (बुडख्याकडचं गोड कांडं कायम तुला, शेंडा मला. पोटचा मी की तू, हा वाद अजून मिटलेला नाही.)

तोंड उघडायला तयार नव्हती. शेवटी बॅटरी लावून पाहिलं आणि लगेच बंद केली. अकरा दात उरलेत, त्यातले सहा नुसते काळे खुंट.

दाताच्या डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण समजावून सांगितलं. हिरड्या खाली सरकल्या की दाताचं मूळ उघडं पडतं. दाताच्या वरच्या भागासारखं टणक कवच मुळाला नसतं, म्हणून कीड तिथे पटकन शिरते. हिरड्यांची वाट मिश्रीनं आधीच लावलेली. त्यात बीपीच्या गोळीनं तोंड कोरडं, आणि दात जपणारी लाळच कमी. कोरड घालवायला आई काय करायची? लिमलेटची गोळी गालात धरून बसायची, दिवसभर. दर शनिवारी ती पुडी कोण आणून द्यायचं, विचार.

'दुखलं कसं नाही?' म्हटलं, तर म्हणे दोन वर्षांमागं दुखत होतं, लवंगेचं तेल लावलं, थांबलं. थांबलं ते नस मेली म्हणून. खाली पू होताच.

आता सहा खुंट काढायचे, बाकीचे भरायचे, हिरडी भरून आली की कवळी. सगळे मिळून २८ हजार. आई म्हणते, वरचे दात काढले की डोळे जातात. त्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही, हे बाईंनी तीनदा सांगून झालं. मग तिनं खरं ते काढलं, 'अरे, आता किती दिवसांची मी, कशाला पैसे घालवतोस?'

आणि सुध्या, मला ते क्षणभर पटलं. डोक्यात हिशोब सुरू झाला होता. हे घरात कुणाला बोललो नाही.

तुलाच का सांगतोय, ते कळलं असेल. दादांना तू कानाचं मशीन घेतलंस तेव्हा चहाच्या टपरीवर 'या वयात कशाला?' म्हणालो होतो मी. तू अर्धा चहा टाकून गेलास आणि सहा महिने बोलला नाहीस. मला वाटायचं, एवढ्याशा वाक्यावरून काय रुसायचं. परवा आईच्या तोंडून तेच ऐकलं. ती स्वतःबद्दल म्हणाली म्हणून जास्त लागलं. उरलेल्या अर्ध्या चहाचे पैसे मीच दिले होते, ते मात्र सोडलेले नाहीत.

चिंगीचं ठरल्याचं कळलं, लय भारी. तारीख कळव. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? नागपुरात थंडी पडली असेल.

मंगळवारची वेळ घेतलीय. रक्त पातळ करायच्या गोळीचं आपल्या डॉक्टरांना विचारून झालं, तो घोर नाही. घोर एवढाच की ती रिक्षात बसेल का. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. सोमवारी संध्याकाळी फोन कर, दिवाबत्ती झाल्यावर. आधी चिंगीचं सांग, म्हणजे खूश होईल. लग्नात बुंदीचा लाडू खायचाय ना काकू, असं काहीतरी म्हण.

आणि पैशांचं विचारलं, तर आठ हजार सांग.

तुझा,
विज्या