शुक्रवारचं पाकीट

ठाणे, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आधी ठेवला, तसा ठेवायला नको होता. बाळाला सांभाळणाऱ्या बाईंना तुम्ही दर शुक्रवारी पाकिटातून रोख पगार देता, त्यावरून बोलणं निघालं होतं. पण "आई, इथे सगळेच कॅश देतात" असं तू म्हणालीस ना, तो आवाज थेट माझा होता.

पगाराचा विषय काढायचा नाही असं ठरवून पत्र लिहायला बसलेय. बाळाचा दात आला का?

तुमच्याकडे फ्रीमॉन्टला होते तेव्हा दुपारी बाळ झोपलं की मी तुमच्या कॅलिफोर्नियाच्या ईडीडी, म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याची माहिती वाचत बसायची. ३१ वर्षं पगारपत्रकं केली, स्वस्थ बसवत नाही. तिमाहीत ७५० डॉलर रोख पगार झाला की १५ दिवसांत मालक म्हणून नोंदणी करायची आणि बाईंच्या पगारातून एसडीआय, म्हणजे राज्याचा आजारपणाचा विमा, कापून भरायचा. १,००० झाले की बेकारी विमाही, तो तुमच्या खिशातून. नव्या मालकाला ३.४ टक्के, वर ०.१ टक्का प्रशिक्षण कर, दोन्ही पहिल्या ७,००० डॉलरवरच. वर्षाचे २४५ डॉलर. बाबागाडीला याहून जास्त मोजलेत तुम्ही! सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणचं पेन्शन आणि आरोग्यविमा, केंद्राचं, ७.६५ टक्के तुमचे आणि तेवढेच बाईंचे. ते जावईबापूंकडे सोपव.

झालं, मांडलाच हिशेब. रागावू नकोस गं.

शकूमावशी आठवतात? वरणभात तू त्यांच्याच हातून खायचीस. माझी लोकल कितीही रखडली तरी त्या थांबायच्या. त्यांना कावीळ झाली तेव्हा दोन महिने घरी होत्या. मी एका महिन्याचा पगार दिला आणि केवढं केलं असं वाटून घेतलं. दुसऱ्या महिन्यात दुसरी बाई लावली. आणि ऑफिसात मी लोकांच्या पीएफचा पै न पै जुळवत होते! शकूमावशींचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. सोसायटीच्या वहीतसुद्धा 'मनूची बाई'.

एसडीआय त्याच दिवसांसाठी असतो. कामाबाहेरचं दुखणं आलं तर चार पैसे हातात येतात.

तुझ्या प्रमोशनचे पेढे बाबांनी अख्ख्या मजल्यावर वाटले. मी मात्र फोनवर धड अभिनंदनही केलं नाही, पाकिटावरूनच सुरू झाले. टीम सांभाळतेस, घर सांभाळतेस, तुला कशाला शिकवायचं मी?

पण बाळ शाळेत जायला लागलं की त्या बाई घरी बसतील. बेकारी भत्ता मागायला गेल्या आणि खात्यात तुमची नोंदच नसली तर? मग दंड, व्याज, आणि त्यात तुमचं ग्रीन कार्डाचं चाललेलं.

दात आला असेल तर फोटो पाठव. नोंदणीचा फॉर्म छापून टीव्हीखालच्या खणात ठेवलाय, थर्मामीटरच्या शेजारी.

तुझी,
आई